विमानतळावर अधिकारी विचारतात ते प्रश्न, आणि आपण सही करतो तो कागद

तुम्ही विचारलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. आखातातील दोन वर्षांची नोकरी संपवून तुम्ही परतलात. गळ्यात साखळी होती आणि खिशात आईच्या दोन बांगड्या होत्या. आई तुमच्याकडे राहायला आली असता त्या मागे राहिल्या होत्या. तुम्ही ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे घोषित करण्यासारखे काही नसलेल्या प्रवाशांच्या वाटेने, बाहेर पडत असताना कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी तुम्हाला बाजूला घेतले, पासपोर्ट स्वतःकडे ठेवला, सहा तास प्रश्न विचारले, इंग्रजीत टाइप केलेल्या जबाबावर आणि एका छापील अर्जावर सह्या घेतल्या आणि पहाटे रिकाम्या हाताने घरी पाठवले. तुमचे प्रश्न तीन आहेत: त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार होता का, उत्तर देण्यास नकार देता आला असता का, आणि वकिलाला फोन का करू दिला नाही.

मी गेली अनेक वर्षे सीमाशुल्काच्या, म्हणजे कस्टम्सच्या, प्रकरणांतच वकिली करतो, आणि जवळजवळ प्रत्येक अशील पहिल्या भेटीत हेच विचारतो. प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना होता, याविषयी वाद नाही. पण त्या सहा तासांत तुमच्याबाबत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या: तुम्हाला विचारले गेले, तुम्हाला थांबवून ठेवले गेले आणि तुमच्याकडून लिहून घेतले गेले. या तिन्हींचे कायदे वेगळे आहेत, मर्यादाही वेगळ्या आहेत. तुमचा खरा प्रश्न तिसऱ्या गोष्टीत दडलेला आहे, असे माझे मत आहे. तुमचा पंचनामा आणि जबाब मी पाहिलेला नाही, बांगड्यांचे वजन आणि ठरवलेली किंमत मला ठाऊक नाही, समन्सवर कोणते कलम लिहिले होते तेही तुम्ही कळवलेले नाही. त्यामुळे निकाल काय लागेल हे मी सांगणार नाही. विचार कसा करावा एवढे सांगतो.

सर्वप्रथम, विमानतळावरील प्रत्येक गणवेशाचा अधिकार त्याच्या त्याच्या कायद्यातून येतो, सरसकट ‘विमानतळ अधिकारी’ असे कोणी नसते. सुरक्षा तपासणीच्या रांगेत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. १९९९ च्या डिसेंबरमधील विमान अपहरणानंतर, २००० सालापासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने या दलाकडे आली. त्यांचा रोख विमानाच्या सुरक्षेवर असतो. त्यांना झडती देण्यास तुम्ही नकार देऊ शकता, मात्र मग विमानात बसू दिले जात नाही. इमिग्रेशनच्या खिडकीवरील अधिकारी तुमची ओळख, पासपोर्ट आणि प्रवासाचा हेतू पडताळतो. भारतीय नागरिकाला स्वतःच्या देशात येण्यापासून तो रोखू शकत नाही. परदेशात जाणाऱ्याविरुद्ध मात्र लुकआउट सर्क्युलर, म्हणजे त्याला देशाबाहेर जाऊ देऊ नये अशी सूचना, असेल तर तो थांबवतो, आणि ते सर्क्युलर त्याने स्वतः काढलेले नसल्यामुळे त्याच्याशी वाद घालून हाती काही लागत नाही. दाद उच्च न्यायालयात मागावी लागते. सरकारी बँकांच्या सांगण्यावरून कर्जदारांविरुद्ध काढलेली अशी अनेक सर्क्युलर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केली, ती याच मार्गाने. पोलिसांचे नियम आणखी वेगळे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

तुमची गाठ पडली ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांशी, म्हणजे सीमाशुल्क अधिनियम, १९६२ शी. या कायद्यात प्रश्न विचारण्याची दोन कलमे शेजारीशेजारी आहेत आणि त्यांतील फरक प्रवाशाला कोणी सांगत नाही. कलम १०७ खाली चौकशीच्या ओघात अधिकारी वस्तुस्थिती माहीत असलेल्या व्यक्तीला प्रश्न विचारू शकतो आणि कागदपत्रे मागू शकतो. सामानाच्या पट्ट्याजवळ उभ्याउभ्या होणारी विचारपूस साधारणपणे या स्वरूपाची असते. कलम १०८ चे वजन यापेक्षा फार मोठे आहे. त्याखाली फक्त राजपत्रित अधिकारी समन्स काढू शकतो. समन्स मिळालेल्या व्यक्तीने हजर राहून, ज्या विषयावर विचारले जाईल त्यावर सत्य सांगणे बंधनकारक आहे. आणि ही चौकशी विशिष्ट हेतूंसाठी न्यायिक कार्यवाही मानली जाते, म्हणजे खोटे सांगितले तर खोटा पुरावा दिल्याचा गुन्हा होऊ शकतो. म्हणून ‘काहीही सांगून वेळ मारून नेऊ’ हा सल्ला मी कोणालाही देत नाही.

आता गप्प राहण्याचा मुद्दा. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे लोकांना ऐकून माहीत असते. मात्र तुम्ही त्या खोलीत बसला होता तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ‘आरोपी’ नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६८ मध्ये स्पष्ट केले की सीमाशुल्क अधिकारी हा पोलीस अधिकारी नव्हे, आणि त्याच्यासमोर चौकशीत दिलेला जबाब पुराव्यात वाचता येतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही; कस्टम्ससमोर दिलेला चालू शकतो. सगळी गोम या एका वाक्यात आहे, आणि गणवेश पाहून सामान्य माणसाची नेमकी येथेच गल्लत होते. पोलीस चौकशीत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० नुसार, ज्या उत्तरामुळे स्वतःवर गुन्हा ओढवेल असे उत्तर न देण्याची मुभा कायद्यातच लिहिलेली आहे. सीमाशुल्काच्या कलम १०८ मध्ये अशी मुभा लिहिलेली नाही.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण कायद्याचा विचित्रपणा त्यातून चांगला दिसतो. त्याच टेबलावर, त्याच अधिकाऱ्याने तुमच्या बॅगेतून सोन्याऐवजी अमली पदार्थ काढले असते तर जबाबाचे भवितव्य वेगळे असते. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले की, अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तपासाचे अधिकार मिळालेले अधिकारी पोलीस अधिकारीच मानले जातील आणि त्या कायद्याच्या कलम ६७ खाली त्यांनी घेतलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाही. म्हणजे शिक्षा जिथे अधिक कठोर तिथे संरक्षणही अधिक, आणि सोन्याच्या प्रवाशाला ते नाही. मला हा भेद फारसा पटत नाही, पण आज कायदा असा आहे.

अंगझडतीविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, म्हणून तेवढे सांगतो. कलम १०० खाली अंगावर जप्तीयोग्य वस्तू लपवली आहे असे मानण्यास कारण असावे लागते. नुसती शंका पुरत नाही. कलम १०२ नुसार झडतीपूर्वी ‘मला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर न्या’ अशी मागणी करता येते आणि ती मानावी लागते. झडतीच्या वेळी किमान दोन पंच हवेत, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. ही मागणी प्रवाशाने स्वतःहून करायची असते. तुम्ही केली नसेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूने फार ताणता येणार नाही.

थांबवून ठेवण्याबाबत मात्र तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून बळकट असू शकते. ‘आम्ही अटक केली नव्हती, फक्त चौकशी चालू होती’ हे विभागाचे ठरलेले उत्तर असते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये सीमाशुल्काच्याच प्रकरणात म्हटले की, अटक सुरू होते ती माणसाच्या हालचालीवर प्रत्यक्ष बंधन आले त्या क्षणी. अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ लिहिली यावर ते अवलंबून नाही. पासपोर्ट काढून घेतला, फोन टेबलावर ठेवायला सांगितला आणि स्वच्छतागृहाकडे जाताना सोबत माणूस दिला, तर त्याला स्वेच्छेने बसणे म्हणणे कठीण आहे. तरीही सहा तास हा काळ अटक झालेल्याला दंडाधिकाऱ्यासमोर नेण्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेल्या चोवीस तासांच्या आत आहे, त्यामुळे केवळ त्यावरून स्वतंत्र दाद मागण्यापेक्षा जबाब कोणत्या परिस्थितीत दिला गेला हे दाखवण्यासाठी या तपशिलाचा उपयोग होतो. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सक्तवसुली संचालनालयाने रात्रभर जागवून घेतलेल्या जबाबावर नापसंती व्यक्त केली, झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे नमूद केले आणि जबाबाच्या वेळांबाबत परिपत्रक काढण्यास सांगितले. तो कायदा वेगळा असला तरी समन्स आणि जबाबाची रचना बरीचशी सारखी आहे, आणि पहाटे घेतलेल्या जबाबाच्या प्रकरणांत मी त्या निकालाचा आधार घेतो.

वकिलाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला रुचणार नाही. सीमाशुल्क चौकशीच्या वेळी वकील शेजारी बसवण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितले. पुढे २०१२ मध्ये एका प्रकरणात, वकिलाला चौकशी दिसेल परंतु ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसण्यास परवानगी दिली गेली. काचेपलीकडून अशिलाचे ओठ हलताना पाहत मीही तासन्तास बसलो आहे. व्यवहारात त्याचा लाभ इतकाच की आवाज चढत नाही, हात उगारला जात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीमाशुल्क कायद्याखाली अटक झालेल्यांना फौजदारी प्रक्रियेतील संरक्षणे लागू असल्याचे स्पष्ट केले, त्यात चौकशीदरम्यान वकिलाची भेट घेण्याचा हक्कही आला. पण तुमच्या बाबतीत अटकेची नोंदच नाही. अशा प्रसंगी ‘मला घरी कळवायचे आहे आणि वकिलाशी बोलायचे आहे’ एवढे वाक्य जबाबातच लिहून घ्यायला सांगावे. मागणी नाकारली गेली तरी ती केल्याचे कागदावर राहते.

आता लिहून घेण्याकडे येतो. जबाबाचे काम कसे चालते हे ज्याने पाहिलेले नाही त्याला ते प्रश्नोत्तर वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा संगणकावर आधीच्या प्रकरणातील जबाब उघडलेला असतो, त्यातील नाव, पत्ता, पासपोर्ट क्रमांक आणि वजन बदलले जाते, आणि मधली वाक्ये तशीच राहतात. माझ्या एका अशिलाचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. तो परदेशात ट्रक चालवत असे. त्याच्या इंग्रजी जबाबात, आपण अधिनियमातील तरतुदींचे जाणीवपूर्वक उल्लंघन करून आर्थिक लाभासाठी सोने दडवून आणल्याचे एक लांबलचक वाक्य होते आणि खाली ‘वाचून पाहिले, समजले, बरोबर आहे’ असे त्याच्या हाताने मराठीत लिहिलेले होते. वाक्य त्याचे नाही हे कोणालाही कळले असते, पण सही त्याची होती. त्या प्रकरणात आम्हाला हात दिला तो घड्याळाने. पंचनामा पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी संपल्याची नोंद होती आणि जबाब पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू झाल्याची. अर्धा तास एकच माणूस एका टेबलावर सोने मोजताना पाहत होता आणि दुसऱ्या टेबलावर जबाब देत होता. उलटतपासणीत अधिकाऱ्याला याचे उत्तर देता आले नाही आणि जबाबाला फारसे महत्त्व उरले नाही.

म्हणून कागद हाती आल्यावर तुम्ही पहिल्यांदा वेळा पाहा. पंचनाम्याची सुरुवात आणि शेवट, समन्सवरील वेळ, जबाबाची वेळ, मूल्यमापकाच्या प्रमाणपत्राची वेळ आणि तुमचे विमान उतरल्याची वेळ एका कोऱ्या कागदावर क्रमाने मांडा. समन्स हातात दिल्यावर दहा मिनिटांत हजर राहायला सांगितले असेल तर तेही लिहा. वकील कायद्यावर तावातावाने बोलतात, पण अशी प्रकरणे पुष्कळदा या एका कागदावर जिंकली जातात.

जबाब तुमच्या इच्छेविरुद्ध किंवा न समजता घेतला असेल तर तो लेखी मागे घ्यावा लागतो, आणि येथे उशीर घातक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले की मागे घेतलेला कबुलीजबाबही आपोआप बाद होत नाही. तो स्वेच्छेने दिला होता का हे न्यायालयाने तपासायचे असते आणि शहाणपणाचा भाग म्हणून सर्वसाधारण पुष्टी शोधायची असते. चार दिवसांत पाठवलेले पत्र आणि नोटीस आल्यावर आठ महिन्यांनी पाठवलेले पत्र यांकडे निर्णय देणारा अधिकारी एकाच नजरेने पाहत नाही. पत्रात शिव्याशाप नकोत. कोणते वाक्य तुमचे नाही, कोणती भाषा तुम्हाला वाचता येत नाही, किती वाजल्यापासून जागे होता, खायला काय दिले, एवढेच लिहा. आणि जे खरे आहे ते मागे घेऊ नका. बांगड्या खिशात होत्या आणि तुम्ही ग्रीन चॅनेलमधून निघालात हे खरेच आहे, तर ते नाकारल्याने उरलेल्या पत्राचीही विश्वासार्हता जाते.

याच अनुषंगाने एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. सामानातील वस्तू घोषित करणे हे कलम ७७ खाली प्रवाशाचे कर्तव्य आहे, आणि ग्रीन चॅनेल निवडणे म्हणजे ‘माझ्याकडे घोषित करण्यासारखे काही नाही’ असे न बोलता सांगणेच आहे. शिवाय सोन्याच्या बाबतीत कलम १२३ मुळे, ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडून जप्त झाले त्याच्यावर येतो. आईने बांगड्या भारतातून नेल्या होत्या, तर जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले असते तर हा प्रसंगच आला नसता. ते आता होणे नाही. पण बांगड्यांची जुनी पावती, सराफाच्या वहीतील नोंद, आईच्या हातात त्याच बांगड्या दिसणारे लग्नकार्यातील छायाचित्र आणि तिच्या प्रवासाची तिकिटे यांतून बरेच सिद्ध करता येते. छायाचित्रात नक्षी ओळखू येत असेल तर ते मोठे करून घ्या.

राहिला तो छापील अर्ज. तुमच्या वर्णनावरून त्यावर ‘मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणीही नको’ असे लिहिलेले असावे. कलम १२४ नुसार माल सरकारजमा करण्यापूर्वी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते; प्रवाशाच्या विनंतीवरून नोटीस तोंडी देता येते, पण त्यासाठी विनंती खरोखर त्याची असली पाहिजे. सर्वांसाठी एकाच मजकुराचा अर्ज छापून त्यावर सही घेणे या कलमात बसत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे आणि जप्त दागिने परत करण्याचे आदेशही दिले आहेत. हे निकाल दिल्लीचे असल्यामुळे अन्य ठिकाणी बंधनकारक नाहीत, तरी त्यांतील तर्क भक्कम आहे. याला जोडूनच कलम ११०(२) पाहा. जप्तीपासून सहा महिन्यांत नोटीस दिली नाही तर माल परत करावा लागतो. आयुक्त लेखी कारणे नोंदवून आणि तुम्हाला कळवून ही मुदत आणखी सहा महिने वाढवू शकतात. त्या छापील अर्जाचा आधार घेऊन नोटीस दिलीच नाही आणि तो अर्ज टिकला नाही, तर ही मुदत तुमच्या बाजूने धावते. जप्तीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

एव्हाना निकालाचा आदेश निघाला असेल तर तो तुम्हाला मिळाल्यापासून साठ दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे कलम १२८ खाली अपील करता येते. प्रवाशाच्या सामानाच्या प्रकरणात पुढचा टप्पा न्यायाधिकरण नसतो, तर केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज करायचा असतो. अनेक जण न्यायाधिकरणात जाऊन महिने घालवतात, त्यांत नवखे वकीलही असतात. कलम १२५ खाली दंड भरून दागिने सोडवून घेण्याचा पर्याय आदेशात दिला आहे का, तेही वाचा. नसेल तर अपिलात तो स्वतंत्रपणे मागावा, कारण आईच्या बांगड्यांच्या बाबतीत तत्त्वाच्या विजयापेक्षा बांगड्या परत येणे तुम्हाला अधिक महत्त्वाचे असेल, असे मी गृहीत धरतो.

सर्वप्रथम एकच काम करा. पंचनामा, जबाब, समन्स, जप्तीची पावती आणि त्या छापील अर्जाची प्रत मिळावी असा लेखी अर्ज संबंधित कार्यालयाच्या उपायुक्तांच्या नावे द्या, आणि त्याच्या स्थळप्रतीवर शिक्का व तारीख घ्या. प्रती मिळाल्या की जबाबाचे शेवटचे पान पाहा: तुमच्या सहीच्या वर भाषांतर करून सांगणाऱ्याचे नाव आणि सही आहे का, की ती जागा रिकामी आहे, ते मला कळवा.